तारीख नसलेल्या आठवणी



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. "डॉक्टरसाहेब, माजी सैनिकांवर बोलताय हे उत्तमच. पण जरा शौर्याच्या अंगानं घेतलं तर?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. या भागात फौजेत कुणीच गेलं नाही असं घर शोधावं लागतं, आणि सैनिकाबद्दल बोलायचं म्हणजे शौर्याबद्दल बोलायचं अशी आपली सवय आहे. पण ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते मास्तर शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून फौजेत गेलेल्यांची पत्रं घरच्यांना वाचून दाखवत आणि उत्तरं लिहून देत, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या पत्रांत काय असायचं? पाऊस पडला का, म्हैस व्याली का, मनिऑर्डर पोचली का. सीमेवरून आलेल्या पत्रातही लढाई नसायची. लढाई घरी यायची ती माणसाबरोबर, आणि बऱ्याचदा फार उशिरा. तिच्याबद्दल बोलावं म्हणून मी विषय बदलला नाही.

माझी नोकरी लष्करी रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ म्हणून झाली. निवृत्तीनंतरही माझ्याकडे येतात ते बहुतेक फौजीच. आल्या आल्या आठवणींचं नाव कुणी काढत नाही. "छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल आहे," असं सांगतात. "गॅस धरतो" म्हणतात. बरोबर आलेली बायको दारापाशी उभी असते. साहेब बाहेर गेले की ती हळूच सांगते, झोपेत ओरडतात, मागच्या महिन्यात माझा गळा धरला होता, जागे झाल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं. आणि हे सुरू कधीपासून? दोन वर्षांपासून. लढाई कधीची? तीस वर्षांपूर्वीची.

इतकी वर्षं गप्प बसलेली गोष्ट आताच का उठली, हा पहिला प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर आपल्या फौजेच्या नोकरीतच आहे. आपला शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर येतो तेव्हा अजून चाळिशीच्या आत-बाहेर असतो. मुलं शाळेत, घराचं बांधकाम अर्धवट. मग तो बँकेत किंवा कारखान्यावर सुरक्षारक्षक होतो, बारा बोअरची बंदूक घेऊन दारात उभा राहतो. पुन्हा गणवेश, पुन्हा हजेरी. डोकं कामात असतं. साठीला ही दुसरी नोकरीही सुटते. मुलं पुण्या-मुंबईला, मुली सासरी, बरोबरीचे एकेक करून जाऊ लागलेले. दुपार मोठी होते, झोप हलकी होते. म्हणजे आपल्याकडचा सैनिक दोनदा निवृत्त होतो, आणि माझ्या पाहण्यात ही आठवण बहुतेक वेळा दुसऱ्या निवृत्तीनंतर उठते. अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनीही दुसरं महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम लढलेल्या माणसांबद्दल हेच नोंदवलं आहे. आयुष्यभर व्यवस्थित वागलेले, कर्तबगार लोक म्हातारपणी कामधंदा, जोडीदार किंवा प्रकृती गेली की युद्धात परत जाऊ लागतात. त्यामुळे "इतके दिवस तर बरे होते, आता नाटकं सुचली" हे जे घरात बोललं जातं, त्याला आधार नाही.

उरलेलं अर्धं उत्तर या आठवणीच्या जातीत आहे. माझ्या लग्नात पाऊस आला होता ही माझी आठवण आहे. ती सांगताना मला कळत असतं की हे झालं, अमुक साली झालं, त्याच्या आधी काही होतं आणि नंतर बरंच काही झालं. जीव जाईल अशा भयाच्या क्षणी मेंदू अशी नीट नोंद करत नाही. वास, आवाज, उजेड, हातापायांतला ताण हे सगळं खोलवर उमटतं. पण कुठे, कधी, आधी काय, नंतर काय हे सांधणारं काम त्या वेळी नीट होत नाही. मग ती आठवण तारखेविना राहते. ती येते तेव्हा "तेव्हा झालं होतं" असं वाटत नाही, "आत्ता होतंय" असं वाटतं. माणूस अंथरुणातून उडी मारून पलंगाखाली आडोसा घेतो, तो त्याच्या दृष्टीनं बरोबरच वागत असतो. आज माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. ही आठवण पुसता येत नाही, पण तिला तारीख देता येते.

एका सुभेदारसाहेबांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगतो. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न पालघरकडे झालं. लग्न लागलं तेवढंच. त्यानंतर साहेब मुलीच्या घरी गेले नाहीत. नातू झाला, बारसं झालं, तरी नाहीत. दर वेळी काहीतरी निघायचं, कधी गुडघा, कधी पाणीपाळी. सासरच्यांचा समज झाला की मानपानात काही राहिलं. विहीणबाई एकदा फोनवर रडल्या. बायकोनं आदळआपट केली. साहेब गप्प. खरं कारण त्यांनी माझ्याकडेही कितीतरी भेटींनंतर सांगितलं. त्या पट्ट्यात ताडाची झाडं आहेत. आपण उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला थांबून ताडगोळे घेतो, तीच झाडं.

१९८७च्या जुलैत भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे गेली. शांतता राखायला गेलेली ही फौज ऑक्टोबरमध्ये जाफना घेण्यासाठी लढत होती. तिथली मोहीम ऑपरेशन पवन म्हणून ओळखली जाते. जाफना द्वीपकल्पात जिकडे पाहावं तिकडे ताड. शेतांना कुंपणं ताडाच्या झावळ्यांची, गल्ल्या अरुंद, आणि रस्त्याखाली सुरुंग. सुभेदारसाहेब तेव्हा हवालदार होते, गस्तीवर सेक्शन घेऊन निघाले होते. अशाच एका वाटेवर स्फोट झाला आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर गेला. बावीस वर्षांचा पोरगा. साहेबांना खरचटलंसुद्धा नाही.

तीस वर्षं त्यांना रात्री जे दिसत होतं त्यात दोनच गोष्टी होत्या. त्यांचा स्वतःचा आवाज, "ये, पुढं ये," आणि मग धूळ. त्याला मी पुढे बोलावलं, मी मारलं, हा त्यांचा निकाल. त्यावर अपील नव्हतं. उपचारात आम्ही काय केलं, तर तो दिवस सकाळपासून सांगायला लावला. चहा कुठे घेतला, कुणाच्या पाठीवर काय होतं, ऊन कुठून येत होतं. एकदा, दोनदा, पुन्हा, वर्तमानकाळात, डोळे मिटून. ते सांगणं रेकॉर्ड करून घरी ऐकायला दिलं. ही पद्धत अमेरिकेतल्या एडना फोआ यांनी बसवलेली आहे. तिचे फायदे भरपूर तपासले गेले आहेत, आणि ती प्रशिक्षित माणसाबरोबरच करायची असते, घरच्या घरी नाही. काही आठवड्यांनी सांगता सांगता साहेब थांबले. म्हणाले, "सेट लागत नव्हता." पोराला पुढे बोलावलं कारण मागच्या पोस्टशी संपर्क तुटला होता आणि सेक्शन कमांडरजवळ रेडिओ असायला हवा. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. फक्त जी आठवण रात्री यायची, तिच्यात हे नव्हतं. तारखेबरोबर तिचं आधीचं आणि नंतरचंही गळून पडलं होतं.

पोरगा त्यामुळे परत आला नाही. साहेबांना दुःख होतंच, आणि ते आता जास्त रडायला लागले. पण दचकून उठणं कमी झालं. हल्ली ते पालघरला जातात. मुक्काम करत नाहीत, संध्याकाळच्या गाडीनं परत निघतात. विहीणबाईंना कारण कळलं आहे, त्या आग्रह करत नाहीत.

हे शहाणपण नवं आहे असं समजू नका. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्ट इथे मनानं कोसळलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय होतं आणि तिथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीत येऊन तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते. १९०६ साली त्यांचं त्यावरचं जाडजूड पुस्तक आलं. ऐकून घेण्याची कला ते कदाचित तिथेच शिकले असावेत, हा माझा आपला अंदाज. डिसेंबर १९१७मध्ये त्यांनी लंडनला डॉक्टरांपुढे एक निबंध वाचला. त्या काळी सगळे रुग्णांना सांगत की लढाईचा विचारच करू नका, छान छान गोष्टी आठवा. रिव्हर्स म्हणाले की दिवसभर जे दाबून ठेवता ते रात्री बाहेर येतं. त्यांच्या एका रुग्णाला स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला मित्राचा देह रोज स्वप्नात दिसे. रिव्हर्सनी त्याला एवढंच दाखवून दिलं की देहाची ती अवस्था म्हणजे मित्राला क्षणात मरण आलं याचा पुरावा आहे, तो तळमळला नाही. त्यानंतर त्याला मित्र पुन्हा स्वप्नात दिसला, पण आता तो भीतीनं नाही, शोकानं जागा झाला.

मला मात्र त्याच निबंधातला दुसरा रुग्ण अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्यावर जे गुदरलं होतं ते इतकं किळसवाणं होतं की मी या सभेत सांगणार नाही. त्यात दिलाशाचा एकही धागा रिव्हर्सना सापडला नाही, आणि त्यांनी तसं लिहून टाकलं. त्या माणसाला फौजेतून मोकळं करून निवांत खेड्यात राहायला पाठवण्याची शिफारस त्यांनी केली. प्रत्येक आठवणीला उजळ बाजू असते असं सांगणारे आज गावोगाव आहेत. त्यांनी हा रुग्ण वाचावा.

रिव्हर्स एडिंबरोजवळ अधिकाऱ्यांचं ऐकत होते त्याच युद्धात आपली माणसं कुठे होती? ६व्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी इराकात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. उपासमार, घोड्याचं मांस खायचं की नाही याचा पेच, शेवटी शरणागती, आणि पुढे वाळवंटातून कैदेकडे चालत जाणं, ज्यात हजारो मेले. जे वाचले ते सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडे परतले. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून किती गेले आणि किती कामी आले ते सांगणाऱ्या. अपशिंग्यासारख्या गावाचा आकडा तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. परत येऊन ज्यांना झोप लागली नाही त्यांचा आकडा पाटीवर नाही. घराण्यातले पणजोबा "तऱ्हेवाईक होते", "रानातच झोपायचे", एवढंच आपण ऐकलेलं असतं.

आता थोडं कठीण बोलतो. सगळ्याच आठवणी भीतीच्या नसतात. काही आपण केलेल्या कृत्याच्या असतात. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी या जखमेबद्दल मन लावून लिहिलं आहे. शेंनी आधारासाठी होमर घेतला, आपल्याला शांतिपर्व जवळ आहे. युद्ध संपलं, राज्य मिळालं आणि धर्मराज म्हणतो, मला नको हे. कशामुळे? कर्ण आपला भाऊ होता हे त्याला युद्धानंतर कळलं. घटना तीच, पण नंतर मिळालेल्या माहितीनं ती असह्य झाली. माझ्याकडे येणाऱ्या माणसांत मी हेच पाहतो. तिशीत ज्याच्यावर गोळी झाडली तो तेव्हा शत्रू होता. साठीत घरातला नातू त्याच वयाचा होतो, त्याला मिसरूड फुटते, आणि आठवणीतला चेहरा बदलतो. धर्मराजाला अर्जुन, भीम, द्रौपदी सगळे समजावतात की तू क्षत्रियाचा धर्म पाळलास. भीम तर चिडतो. कशाचा उपयोग होत नाही. "तुम्ही तर ड्यूटी केलीत," हे आपलंही ठरलेलं वाक्य आहे. ते खोटं नाही, पण ते बोलून आपण त्या माणसाचं बोलणं बंद करतो. धर्मराज शेवटी भीष्मांपाशी जाऊन बसतो, त्याच युद्धातल्या बाणांवर पडलेल्या माणसापाशी. तिथे बोलणं होतं आणि ते बराच काळ चालतं.

म्हणून फौजी फौजीपाशी बोलतो. त्यात एक अडचण आहे ती म्हणजे रम. कँटीनचा कोटा महिन्याला मिळतो. काही जण तो विकतात, त्याबद्दल आज मी काही बोलणार नाही. पण झोपेसाठी दोन पेग घेणारे इथे बसलेले असतील, त्यांना डॉक्टर म्हणून सांगतो. दारूनं झोप लागते आणि पहाटे मोडते, आणि भयानक स्वप्नांचा जोर पहाटेच जास्त असतो. घसा बसेपर्यंत हे सांगून झालं आहे, तरी सांगत राहणार. मेडिकल दुकानातून ओळखीवर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचंही तेच. आघातानंतर राहणाऱ्या या आजारात त्या दीर्घकाळ घेण्याविरुद्ध स्पष्ट मार्गदर्शन आहे. ज्या गोळ्यांचा उपयोग होतो त्या नैराश्यावरच्या गटातल्या असतात. त्या डॉक्टरांनी द्यायच्या आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

आठवण उठवणाऱ्या गोष्टी घरच्यांनी ओळखून ठेवाव्यात. दिवाळीचा सुतळी बॉम्ब सगळ्यांना सुचतो. पण आपल्या भागात उसाचं पाचट पेटवतात, त्याची तडतड हुबेहूब लांबून चाललेल्या गोळीबारासारखी असते, हे मला एका लान्स नायकानं सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. डिझेलचा धूर, जळतं टायर, मिरवणुकीत छातीवर आदळणारी डीजेची भिंत. आणि गावात शहिदाचं पार्थिव येतं तेव्हा हवेत झाडल्या जाणाऱ्या फैरी. माजी सैनिक तिथे पदकं लावून सावधानमध्ये उभे असतात. त्यांच्या पाठी पाहाव्यात कुणीतरी. कारगिल विजय दिवसाला शाळेत त्यांना अनुभवकथनाला उभं करतात, त्याबद्दल मला शंका आहे. व्यासपीठावर सांगितलेली लढाई घोटून गुळगुळीत झालेली असते. जे सलतं ते तिथे येत नाही, मात्र रात्री येतं. बोलवायचं तर आधी विचारा, आणि नको म्हणाले तर मन मोडल्याचा आव आणू नका.

झोपेत ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका. पायथ्याशी किंवा दारात उभं राहून नावानं, नाहीतर हुद्द्यानं हाक मारा, दिवा लावा. सुभेदारीणबाई "अहो, सुभेदारसाहेब, घरी आहात, गावाकडं आहात" असं म्हणायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. स्वतः सैनिकानं करायचं ते असं. पाय जमिनीला टेकवायचे, गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवायचा आणि मोठ्यानं तारीख म्हणायची. आज अमुक वार, अमुक साल, मी माझ्या घरात. माझ्या सांगण्यावरून बऱ्याच घरांत कालनिर्णय स्वयंपाकघरातून उठून झोपायच्या खोलीत आलं आहे, अंथरुणातून दिसेल असं. बायका त्यावर दुधाचा हिशोब लिहायच्या, त्यांची थोडी गैरसोय झाली.

स्वप्न एकच असेल आणि तेच तेच पडत असेल तर दिवसाउजेडी ते लिहून काढून त्याचा शेवट आपल्या हातानं बदलायचा आणि नवं स्वप्न रोज मनात घोळवायचं, असाही एक उपचार आहे. हे सांगितलं की फौजी हसतात. काहींना त्याचा गुण येतो.

वारीचंही विचारतात. जरूर जा. चालणं, सोबत, रात्रीची दमून लागणारी झोप, यात वाईट काय आहे? फक्त घरचे "आता माळ घातली, आता विसरा" म्हणतात तिथे मी अडतो. विसरणं कुणाच्या हातात नसतं.

समाजाचा यात वाटा किती, याचं माप व्हिएतनामनं दिलं. तिथे लढलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झाला असं १९८०च्या दशकातल्या मोठ्या पाहणीत दिसलं. १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत हा आजार आला तोही बऱ्याच अंशी त्या सैनिकांच्या आग्रहामुळे. ज्या युद्धाबद्दल देशालाच बोलायचं नव्हतं, त्या युद्धातून ते परतले होते. आपल्या शांतिसेनेचं थोडं तसंच झालं. सुमारे बाराशे जवान तिथे गेले ते परतले नाहीत. मार्च १९९०मध्ये अखेरच्या तुकड्या मद्रासला उतरल्या तेव्हा त्यांच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री आले नाहीत. राजकारणाची कारणं असतील. बोटीतून उतरणाऱ्या शिपायाला ती कशी कळणार? सुभेदारसाहेब एकदा म्हणाले, कारगिलवाल्यांना निदान सांगता येतं. त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता, पण ते खरं होतं.

मदत कुठे मिळते ते सांगून थांबतो. नोकरीत असताना कुणी बोलत नाही, कारण शेप या वैद्यकीय वर्गवारीतलं पहिलंच अक्षर मनाचं असतं आणि ते घसरलं की बढती अडेल ही भीती असते. पेन्शनवर आल्यावर ती भीती उरायचं कारण नाही, तरी ती उरते. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन "झोप लागत नाही, जुनं दिसतं" एवढं म्हटलं तरी पुढची चिठ्ठी मिळते. गॅस झाला असं सांगाल तर गॅसचीच गोळी मिळेल. टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३मध्ये सुरू झाला. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरातली बंदूक, परवान्याची असली तरी, तेवढे दिवस दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

प्रश्न घ्यायला अर्धा तास आहे असं संयोजक म्हणतात. सर्वांसमोर विचारायचं नसेल तर उद्या दुपारपर्यंत मी शाळेच्या पाठीमागच्या खोलीत आहे. बरोबर कुणाला आणलंत तरी चालेल. छातीत धडधडतं एवढंच सांगायचं असेल तरी या, तिथून सुरुवात करू.